गाढव एक की दोन?

येशूचा यरुशलेमातला प्रवेश चारही शुभवर्तमानांत आला आहे. वल्हांडण सण तोंडावर आलेला, शहर यात्रेकरूंनी फुललेले, आणि गालीलचा हा गुरू जनावरावर बसून जैतुनाच्या डोंगराकडून शहराकडे येतो. लोक वाटेवर अंगावरची वस्त्रे आणि झाडांच्या डहाळ्या अंथरतात. मार्क, लूक आणि योहान यांच्या सांगण्यात जनावर एकच आहे. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात मात्र ती दोन होतात, गाढवी आणि तिचे शिंगरू. शिष्य दोन्ही सोडून आणतात, दोन्हींच्या पाठीवर वस्त्रे घालतात आणि येशू वर बसतो. एकाच वेळी दोन जनावरांवर कसे बसायचे यावर भाष्यकारांनी शतकानुशतके काथ्याकूट केला आहे. चित्रकारांनी शहाणपणाने तो प्रश्न टाळला. त्यांच्या चित्रांत येशू एका गाढवावर बसतो आणि दुसरे असलेच तर बाजूने चालते.

हे दुसरे जनावर कुठून आले ते मत्तय स्वतःच सांगून टाकतो. जे घडले त्यात संदेष्ट्याचे वचन पूर्ण झाले, असे म्हणून तो जखऱ्याच्या नवव्या अध्यायातला मजकूर पुढे ठेवतो. तिथे सीयोनच्या नम्र राजाचे वाहन दोनदा सांगितले आहे, आधी गाढव म्हणून आणि लगेच गाढवीचे पोर म्हणून. हिब्रू कवितेची ही नेहमीची रीत. जात्यावरच्या ओवीत पहिल्या चरणात आलेला भाऊराया दुसऱ्या चरणात माझा बंधू होऊन येतो, म्हणून कुणी दारात दोन पाहुणे मोजत नाही. जखऱ्याचेही तसेच, राजा एक आणि गाढवही एक. मत्तय मात्र दोन्ही चरणांचा हिशेब वेगवेगळा चुकता करतो. शिंगरावर त्याआधी कुणी बसले नव्हते असे मार्क सांगतो, तेव्हा बुजू नये म्हणून त्याची आई सोबत घेतली असेल, असा बचाव केला जातो. बचाव सयुक्तिक आहे. पण बाकीच्या तिघांना ठाऊक नसलेली ही गाढवी नेमकी, ज्याने वचन दोन्ही नावांसह उद्धृत केले त्याच्याच पानावर उगवावी, हा योगायोग फारच सोयीचा आहे. अभ्यासकांचे बहुमत असे की मार्कचे पुस्तक सर्वांत जुने, इ. स. ७० च्या आसपासचे, आणि मत्तयाने ते समोर ठेवून दहा-वीस वर्षांनी आपले लिहिले. म्हणजे त्याच्यापुढे एका शिंगराची हकीकत होती आणि मनात जखऱ्या होता.

भाकीत खरे ठरणे म्हटले की आपल्या मनात एक ठरलेला क्रम असतो. कुणीतरी आधी सांगून ठेवतो, पुढे तसे घडते, आणि लोक थक्क होतात. शुभवर्तमानांतली पूर्तता या क्रमाने घडलेली नाही, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. तिथे आधी घटना आहे, बहुधा कोड्यात टाकणारी, मनाला चटका लावणारी. मग जुन्या ग्रंथांत तिच्या अर्थाचा शोध आहे. आणि वचन सापडल्यावर तीच घटना त्या वचनाच्या उजेडात पुन्हा सांगितलेली आहे. हे ज्या जागी नीट जुळून येते तिथे आपल्याला फारसे काही कळत नाही. जिथे सांधा नीट बसत नाही तिथे मात्र दोन्ही कडा दिसतात, वचनाची आणि घटनेचीही.

मत्तयाच्याच दुसऱ्या अध्यायात पाहा. हेरोद राजाच्या भीतीने योसेफ बाळाला आणि मरीयेला घेऊन मिसर देशात जातो. मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावले, या अर्थाचे होशेयचे वचन त्यामुळे पूर्ण झाले, असे मत्तय म्हणतो. होशेय हा इ. स. पू. आठव्या शतकातला, उत्तरेकडच्या राज्यातला संदेष्टा. त्याच्या अकराव्या अध्यायात हे वाक्य आहे खरे, पण ते भविष्याविषयी नाहीच. ते मागे घडून गेलेल्या गोष्टीविषयी आहे: इस्राएल हे राष्ट्र पोरवयात होते तेव्हा परमेश्वराने त्याला मिसराच्या दास्यातून बाहेर काढले. पुत्र म्हणजे ते राष्ट्र, आणि लगेच पुढे तक्रार आहे की जितके त्यांना हाक मारून बोलवावे तितके ते दूर पळाले आणि बआलमूर्तींना बळी देत राहिले. हे पुढचे वाक्य येशूला लावण्याची कल्पनाही मत्तयाला सहन झाली नसती. त्याला ते ठाऊक नव्हते असे समजण्यात अर्थ नाही. ज्याच्या पानापानावर जुना करार आहे अशा माणसाने होशेयची एकच ओळ वाचली असेल हे संभवत नाही. तो भाकीत शोधतच नव्हता. त्याला दिसत होते ते साम्य. जे राष्ट्राच्या वाट्याला आले ते या एका माणसाच्या आयुष्यात पुन्हा घडते आहे: मिसर, मग पाण्यातून जाणे, मग रान, चाळीस वर्षांच्या जागी चाळीस दिवस, मग डोंगरावरून दिलेला नियम.

तीनच वचने पुढे बेथलेहेमातल्या बालकांची कत्तल येते आणि तिच्या जोडीला यिर्मयाच्या ग्रंथातली, मुलांसाठी आक्रोश करणारी राहेल. यिर्मयाच्या मनात होते ते बाबेलला हद्दपार झालेले लोक. त्यांना ज्या रामा गावी गोळा करून पुढे नेले ते यरुशलेमच्या उत्तरेला आहे, बेथलेहेम दक्षिणेला. शिवाय मूळ ठिकाणी लगेच दिलासा आहे की रडणे आवर, मुले परत येतील. बेथलेहेमची मुले परत येणार नव्हती. पण याच जागी मत्तयाची एक बारीक काळजी दिसते. एरवी तो अमुक घडले ते वचन पूर्ण व्हावे म्हणून, असा हेतू लावतो. हेरोदाची कत्तल आणि पुढे येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचे पैसे, या दोन जागी मात्र तो नुसते एवढेच म्हणतो की तेव्हा वचन पूर्ण झाले. वचन खरे ठरावे म्हणून देवाने पोरे मारवली, असे त्याच्या तोंडून निघत नाही. जो माणूस वाक्याच्या एवढ्याशा वळणाची फिकीर करतो त्याला भोळा म्हणता येत नाही, आणि लबाडही म्हणता येत नाही.

मत्तयाची ही वाचनाची रीत त्याची एकट्याची नव्हती, हे १९४७ नंतर डोळ्यांनी पाहता येऊ लागले. मृत समुद्राच्या काठी कुमरान येथे गुहांमध्ये सापडलेल्या गुंडाळ्यांत हबक्कूक संदेष्ट्यावरचे एक भाष्य आहे, येशूच्या आधीच्या शतकातले. भाष्यकार हबक्कूकचे एक वचन उतरवतो आणि खाली त्याचा उलगडा देतो, मग पुढचे वचन, पुन्हा उलगडा. हबक्कूक बोलत होता खास्दी लोकांच्या स्वारीबद्दल, सहाशे वर्षांपूर्वीच्या. भाष्यकाराला तिथे रोमन सैन्य दिसते, आपल्या पंथाचा नीतिमान गुरू दिसतो आणि त्याचा छळ करणारा दुष्ट याजक दिसतो. एके ठिकाणी तर तो सरळ सांगतो की देवाने हबक्कूकला पुढचे लिहून ठेवायला लावले, पण शेवट केव्हा आणि कसा होणार हे त्याला कळू दिले नाही; ते रहस्य नीतिमान गुरूला उघड केले. म्हणजे खुद्द संदेष्ट्याला आपल्या शब्दांचा अर्थ ठाऊक असणे गरजेचे नाही! ही भूमिका एकदा मान्य केली की होशेयच्या मनात राष्ट्र होते की आणखी काही, हा आपला आक्षेपच गळून पडतो. तो आक्षेप आपला आहे; त्या काळच्या वाचकाला तो सुचलाही नसता.

आणि हेच वाचन येशूच्या अनुयायांखेरीज इतरांनीही केले. यहुदी बंडाच्या वेळी रोमनांना शरण गेलेला सेनानी आणि इतिहासकार जोसीफस लिहितो की त्याच्या लोकांना युद्धाला उठवण्यात पवित्र ग्रंथातल्या एका संदिग्ध वचनाचा मोठा हात होता. त्यांच्या देशातून एक जण जगाचा राजा होईल, असे ते वचन. लोकांनी ते आपल्यातल्या कुणाविषयी समजून घेतले. जोसीफसच्या मते खरा अर्थ होता रोमन सेनापती व्हेस्पेशियन, कारण तो यहूदियाच्या मोहिमेवर असतानाच सम्राट म्हणून पुकारला गेला. टॅसिटस आणि स्वेटोनिअस या रोमन इतिहासकारांनीही ही अपेक्षा आणि तिचा हाच अर्थ नोंदवला आहे. घटना घडून गेल्यावर तिच्यासाठी वचन मोकळे करून घेण्याची ही त्या काळची सर्वमान्य पद्धत. फरक एवढाच की व्हेस्पेशियनला जे लागू करायचे ते सोपे होते. तो जिंकला होता.

वचनाच्या या पुराव्याची एक अट मात्र होती, ऐकणाऱ्याच्या कानावर जुना ग्रंथ आधी पडलेला असला पाहिजे. सोळाव्या शतकाच्या शेवटी गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेजुइटापुढे ही अडचण उभी राहिली असणार. साष्टीतल्या रायतूरला १६१६ साली छापल्या गेलेल्या त्याच्या ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. येशूची कथा दुसऱ्या पुराणात येते. त्याआधी अख्खे पहिले पुराण जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा ओवीबद्ध सांगते. मत्तयाला एका ओळीच्या निर्देशावर भागवता येत होते, कारण बाकीचे वाचकाच्या डोक्यात होते. स्टीफन्सला आधी ते डोके भरावे लागले.

वचनाने घटनेच्या तपशिलात भर घातल्याची उदाहरणे वधस्तंभाच्या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसतात. मार्क सांगतो की सैनिकांनी येशूची वस्त्रे चिठ्ठ्या टाकून वाटून घेतली. देहदंड झालेल्याचे कपडे शिपायांनी घ्यायचे, हे त्या काळात नवल नव्हे, आणि मार्क इथे कुठल्याही वचनाचा उल्लेख करत नाही, पण त्याचे शब्द बाविसाव्या स्तोत्राचे आहेत हे जाणकाराला लगेच कळते. त्या स्तोत्रात छळ होणारा माणूस म्हणतो की माझी वस्त्रे ते वाटून घेतात आणि माझ्या कपड्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. पुन्हा तीच दुहेरी चरणाची रीत. आता योहान काय करतो पाहा. त्याच्या हकीकतीत क्रिया दोन होतात. आधी सैनिक वस्त्रांचे चार वाटे करतात, प्रत्येकाला एक. मग उरतो अंगरखा, वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला, बिनशिवणीचा. तो फाडायचा नाही म्हणून त्याच्यापुरत्या चिठ्ठ्या टाकतात. आणि योहान लगेच स्तोत्र उद्धृत करतो. मत्तयाने गाढवांचे जे केले तेच योहानाने कपड्यांचे केले. दोघांनी एकमेकांना विचारून केलेले नाही, म्हणून तर ही जोडी मोलाची. तसेच पेल्याचे. मार्कच्या सांगण्यात येशूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ करतात. मत्तयाच्या पेल्यात बोळाच्या जागी पित्त येते, कारण एकोणसत्तराव्या स्तोत्रात शत्रू पित्त देतात.

यहूदा इस्कर्योताच्या प्रकरणात तर थरांवर थर दिसतात. त्याला पैसे देण्याचे कबूल केले एवढेच मार्कला ठाऊक आहे. मत्तयाला रक्कमही ठाऊक आहे, रुप्याची तीस नाणी. हीच जखऱ्याच्या अकराव्या अध्यायात मेंढपाळाला दिलेली तुटपुंजी मजुरी, आणि मोशेच्या नियमशास्त्रात बैलाने गुलामाला मारले तर मालकाला द्यायची भरपाईही तेवढीच. जखऱ्यातला मेंढपाळ ती नाणी परमेश्वराच्या मंदिरात कुंभाराकडे फेकतो. मत्तयाचा यहूदा ती मंदिरात फेकून जाऊन गळफास घेतो आणि याजक त्या पैशांतून कुंभाराचे शेत विकत घेतात. वचन यिर्मयाचे म्हणून सांगितले आहे, मजकूर मुख्यतः जखऱ्याचा आहे. कुंभाराची आणि शेतखरेदीची प्रकरणे यिर्मयात आहेत, तेव्हा दोन्ही एकत्र आठवली असावीत. आता नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडला तर चित्रच वेगळे. तिथे यहूदा पश्चात्ताप करत नाही, पैसे परत करत नाही, शेत स्वतःच घेतो आणि पालथा पडून पोट फुटून मरतो. दोन्ही कथा कशाबशा जुळवता येतात आणि लोकांनी त्या जुळवल्याही आहेत. पण दोघांत समान काय आहे? विश्वासघात करणारा यहूदा, त्याचा वाईट शेवट, आणि यरुशलेमात रक्ताचे शेत म्हणून ओळखली जाणारी एक जागा. हे तीन मुद्दे दोन्ही वाटांनी आलेले आहेत. तीस नाणी, मंदिर आणि कुंभार हे फक्त तिथे आहेत जिथे जखऱ्या आहे.

एवढे वाचल्यावर दुसऱ्या टोकाचा आक्षेप अपरिहार्य आहे. मग सगळेच रचलेले का म्हणू नये? जुन्या कराराची पाने कापून शिवलेली गोधडी म्हणजे येशूची कथा, असे म्हणणारे लेखक झाले आहेत. माझ्या मते हा निष्कर्ष पुराव्याच्या नेमका उलट जातो. पाने समोर ठेवून नायक बेतायचा असता तर तो नासरेथचा झालाच नसता. नासरेथ हे जुन्या करारात कुठेही नाही. गालीलमधल्या गावांची नावे भरभरून देणाऱ्या जोसीफसच्या लिखाणातही नाही. मीखा संदेष्ट्याच्या वचनाप्रमाणे इस्राएलचा अधिपती यायचा दाविदाच्या बेथलेहेमातून. मत्तय आणि लूक दोघेही येशूचा जन्म बेथलेहेमात दाखवतात, पण वाटा पाहा. मत्तयाच्या कथेत कुटुंब मुळातच बेथलेहेमचे आहे, तिथे त्यांचे घर आहे, आणि मिसरातून परतताना हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याच्या भीतीने ते नासरेथला जाऊन राहतात. लूकच्या कथेत ते नासरेथचे आहेत आणि शिरगणतीसाठी बेथलेहेमला जातात. ती शिरगणती रोमन सुभेदार क्विरिनिय याच्या अमदानीतली, इ. स. ६ ची; हेरोद त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, इ. स. पू. ४ मध्ये वारला होता. शिवाय ती यहूदियाची शिरगणती, आणि नासरेथ दुसऱ्या राजाच्या हद्दीत होते. दोघांची एवढी ओढाताण एकाच कारणाने होते: येशू नासरेथचा होता हे सर्वांना ठाऊक होते आणि ते पुसता येत नव्हते. मत्तयाने नासरेथसाठीही संदेष्ट्यांचा हवाला दिला आहे, पण तो म्हणतो तसे वचन कुठल्याही संदेष्ट्याच्या ग्रंथात सापडत नाही. जवळपासची वचने सुचवून झाली, एकही पटकन पटत नाही. योहानाने तर प्रश्न तसाच सोडला. ख्रिस्त गालीलातून कसा येईल, तो बेथलेहेमचा हवा, असे लोक म्हणतात, आणि योहान त्यांना उत्तर देत नाही.

वधस्तंभाचे तर त्याहून बिकट. येशूच्या आधीच्या यहुदी लिखाणांत मसीहाची अपेक्षा वेगवेगळ्या रूपांत भेटते. शलमोनाची स्तोत्रे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या शतकाआधीच्या रचनांत दाविदाचा वंशज परकीयांना यरुशलेमातून हाकलून लावतो. कुमरानच्या लोकांनी तर दोन मसीहांची वाट पाहिली, एक याजक आणि एक राजा. रोमनांच्या हातून खिळून मारला जाणारा मसीहा मात्र कुणाच्या कल्पनेत नव्हता. उलट जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या ग्रंथात टांगलेला मनुष्य शापित म्हटलेला आहे. प्रेषित पौल हे ओझे लपवत नाही. वधस्तंभावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आहे असे तो उघड लिहितो. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या संवादात ट्रिफो नावाचा यहुदी हेच बोट दाखवतो: मसीहाला दुःख भोगावे लागेल हे एक वेळ मान्य, पण नियमशास्त्राने शापिलेले मरण कशाला? अशी भाकिते चाळून कुणी असा शेवट रचणार नाही. शेवट आधी आला आणि मग त्याच्यासाठी ग्रंथ धुंडाळावे लागले.

हे शुभवर्तमानकार स्वतःही सांगतात, फक्त आपण तिकडे लक्ष देत नाही. गाढवावरच्या त्या प्रवेशाबद्दल योहान म्हणतो की शिष्यांना तेव्हा काही उमगले नाही. येशूचे गौरव झाल्यावर त्यांना आठवले की हे त्याच्याविषयी लिहिलेले होते. लूकच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोघे जण हताश होऊन चालले आहेत, इस्राएलला सोडवणारा हाच असे त्यांना वाटले होते, आणि शास्त्राचा उलगडा त्यांना होतो तो मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी. वचने आधीपासून इतकी उघड असती तर हे दोघे आनंदाने थांबले असते. पौलाने पन्नाशीच्या दशकात करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्त शास्त्रानुसार मेला आणि शास्त्रानुसार उठला, हे सूत्र आपल्याला परंपरेने मिळाले असे म्हटले आहे. कुठले शास्त्र, कुठले वचन, ते सूत्र सांगत नाही. आधी खात्री आली होती. पत्ते नंतर मिळत गेले.

श्रद्धावान वाचक इथे यशयाचा त्रेपन्नावा अध्याय पुढे करील, आणि त्याला उडवून लावणे बरोबर होणार नाही. इतरांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला, वधाला नेलेल्या कोकरासारखा मुका राहिलेला सेवक तिथे आहे, आणि हा मजकूर ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसडलेला नाही. कुमरानच्या पहिल्या गुहेतली यशयाची सात मीटरांहून लांब गुंडाळी येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षे आधीची आहे आणि तो अध्याय तिच्यात आहे. पण हा सेवक कोण, हा प्रश्न प्रेषितांच्या कृत्यांतच विचारला गेला आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून हाच उतारा वाचतो आणि फिलिप्पाला विचारतो की संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कुणाविषयी. यशयाच्याच एकोणपन्नासाव्या अध्यायात सेवकाला इस्राएल म्हटले आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने नोंदवले की त्याच्याशी वाद घालणारे यहुदी विद्वान हा उतारा देशोधडीला लागलेल्या आपल्या सगळ्या लोकांना लावत. आणि सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी की मत्तय हा अध्याय उद्धृत करतो तो येशूच्या मरणासाठी नव्हे, तर पेत्राच्या घरी त्याने रोगी बरे केले त्या प्रसंगी. योहान तो लोकांच्या अविश्वासाविषयी वापरतो. इतरांच्या अपराधांसाठी सोसलेले मरण, या ज्या अर्थाने आज तो अध्याय प्रसिद्ध आहे त्या अर्थाने एकाही शुभवर्तमानकाराने तो उघडपणे उद्धृत केलेला नाही. हातपाय विंधल्याचे बाविसाव्या स्तोत्रातले वचनही तसेच: आजच्या प्रवचनांत ते पहिले येते, नव्या करारात ते कुठेच नाही. शोध चालूच होता, आणि पुस्तके लिहून झाल्यावरही तो चालू राहिला.

याच कारणाने भाकितांची शेकड्यांनी यादी करून एका माणसात ती सगळी जमण्याची शक्यता कोटीत एक, असे गणित मांडणाऱ्या पुस्तकांचा पाया कच्चा आहे. असे गणित चालायचे तर कुठली वाक्ये भाकिते आहेत हे आधी ठरलेले हवे, आणि घटना सांगणाऱ्याने ती वाक्ये पाहिलेली नसावीत. इथे दोन्ही अटी मोडतात. होशेयची ओळ भाकीत आहे हे मिसरच्या प्रवासाशिवाय कुणालाही कळले नसते. यापेक्षा एक साधी शक्यता अधिक वजनदार आहे आणि दोन्ही बाजूंचे लोक ती विसरतात: काही पूर्तता खुद्द येशूनेच घडवली असेल. जखऱ्या त्याच्या लोकांना होता तसा त्यालाही पाठ असणार. सणाच्या गर्दीत, चालत येणाऱ्या यात्रेकरूंमध्ये, मुद्दाम गाढव मागवून त्यावर बसणे हे बोलून न दाखवता केलेले विधान असू शकते. यिर्मयाने मानेवर जोखड घालून यरुशलेमात फिरणे हेही तसलेच होते. तसे असेल तर एक गाढव इतिहासातले आणि एक मत्तयाचे, असा हिशेब लागतो.

शेवटी येशूच्या स्वतःच्या भाकितांकडे यायला हवे, कारण तिथे प्रवाह उलटा वाहतो. मार्कच्या तेराव्या अध्यायात तो मंदिराच्या इमारतींकडे पाहून म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. इ. स. ७० च्या ऑगस्टमध्ये तीतसाच्या रोमन सैन्याने मंदिर जाळले. पुष्कळ अभ्यासक म्हणतात की हे वाक्य घटनेनंतर त्याच्या तोंडी घातले. तसे असते तर आग का नाही? जोसीफसच्या वर्णनात सर्वत्र आग आहे, मार्कच्या भाकितात ठिणगीही नाही, आणि मंदिराच्या आवाराच्या भिंतीचे प्रचंड चिरे तर आजही एकावर एक उभे आहेत. घटनेची छाप पुढच्या पुस्तकांत पडते: मार्कमध्ये दानीएलाच्या ग्रंथातली गूढ ओसाड करणारी अमंगळता आहे, लूक त्याच जागी यरुशलेमला सैन्याचा वेढा पडलेला दाखवतो, आणि मत्तयाच्या एका दृष्टांतात राजा सैन्य पाठवून नगर जाळून टाकतो. मंदिर पडेल असे कुणी आधी म्हणणे अशक्यही नव्हते. इ. स. ६२ मध्ये, युद्धाच्या चार वर्षे आधी, अनन्याचा मुलगा येशू नावाचा एक खेडूत यरुशलेमच्या रस्त्यांत नगराचा आणि मंदिराचा धिक्कार करत फिरू लागला. सुभेदाराने त्याला हाडे दिसेपर्यंत फटके मारले, तरी तो सात वर्षे तेच ओरडत राहिला आणि वेढ्यात रोमनांच्या गोफणयंत्रातून सुटलेल्या धोंड्याने मेला, असे जोसीफस सांगतो. नासरेथच्या येशूचे मंदिराविषयीचे बोलणे तर त्याच्या अनुयायांना अडचणीचेच होते. मार्क त्याची एक आवृत्ती खोट्या साक्षीदारांच्या माथी मारतो, योहान ते मंदिर म्हणजे त्याचे शरीर असा अर्थ लावतो. जे बोलणे असे सावरून घ्यावे लागते ते कुणी नव्याने बनवत नाही.

त्याच तेराव्या अध्यायात, ही पिढी नाहीशी होण्याआधी हे सर्व घडेल, असेही येशू म्हणतो. ‘हे सर्व’ यात आकाशातून त्याचे येणेही आहे. मत्तय आणि लूक यांनी लिहिले तेव्हा ती पिढी सरत आली होती, तरी दोघांनी ते वाक्य काढले नाही. पुढच्या पिढीला ते टोचू लागले. पेत्राच्या नावाने लिहिलेले दुसरे पत्र बहुतेक अभ्यासक दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे मानतात. त्यात थट्टेखोर विचारतात की त्याच्या येण्याचे वचन कुठे गेले, वाडवडील निजले आणि जग आहे तसेच चालले आहे. पत्रलेखकाने उत्तरासाठी पुन्हा जुना ग्रंथच उघडला. मोशेच्या नावावर असलेल्या नव्वदाव्या स्तोत्रात देवाच्या दृष्टीने हजार वर्षे सरलेल्या कालच्या दिवसासारखी आहेत असे म्हटले आहे. त्या ओळीचा ख्रिस्ताच्या येण्याशी मुळात काही संबंध नव्हता.